पट सतरा

आमच्या वाडीच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर दहा मूल्यं रंगवलेली आहेत. जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा, ती असतातच. नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता, राष्ट्रभक्ती आणि वैज्ञानिक दृष्टिकोन. आमच्याकडे पागोळ्या पडतात त्या कोपऱ्यात नेमका वैज्ञानिक दृष्टिकोन आलाय. दोन पावसाळ्यांत ओल धरून त्यातला ‘वैज्ञानिक’ गळून पडला, आता नुसता दृष्टिकोन उरलाय. रंगारी बोलवायचा तर पैसे कुठले? तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे वर्षाला १०,००० रुपये मिळतात. त्यात वीजबिल, खडू, झाडू, फिनेल, दुरुस्ती, प्रिंटरची शाई, सगळं बसवायचं. शाळा व्यवस्थापन समितीत मी चार वर्षं होतो. त्या चार वर्षांत ‘वैज्ञानिक’ पुन्हा लिहून घेणं काही आम्हाला जमलं नाही.

जमलं नाही याची फारशी खंतही वाटत नाही. भिंतीवरची दहाच्या दहा मूल्यं पुसली गेली असती तरी शाळेचं काही अडलं नसतं. शाळा मुलांना काय शिकवते ते साडेदहा ते पाच या वेळात कोण काय करतं त्यावर ठरतं: कुलूप कोण उघडतं, वर्ग कोण झाडतं, पाणी कोण भरतं, कोण कोणाच्या शेजारी जेवायला बसतं. हे सगळं पटावर दिसत नाही. सरकारला मात्र पटच दिसतो.

आमचा पट सतरा. पहिलीत पाच, दुसरीत तीन, तिसरीत सहा, चौथीत तीन.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाचं पत्र आलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही दोन उदाहरणं नमुना म्हणून पुढे ठेवली होती. राज्यात अशा शाळा १४,७८३, त्यांत मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. हे आकडे मुंबईत बसून वाचणाऱ्याला उधळपट्टीच वाटणार. सहा पोरांमागे एक मास्तर! एखाद्या बँकेने तोट्यातल्या शाखांची यादी काढावी, तशी ती यादी दिसते. आणि तिच्यावरचा उपाय म्हणून जो शब्द योजलेला असतो तो फार सभ्य आहे: समायोजन. शाळा बंद केली असं कोणी म्हणत नाही, तिचं समायोजन होतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळांचं असंच समायोजन ठरलं होतं.

त्या पत्रावर गदारोळ झाला, खुलासे झाले, ‘बंद करणार नाही’ अशी आश्वासनंही आली. पण ती यादी काही फाडून टाकलेली नाही. दरवर्षी सप्टेंबर संपताना संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवण्यासाठी, पट धरला जातो, तेव्हा वाडीवस्तीवरच्या गुरुजींच्या पोटात गोळा येतो. म्हणून हा लेख.

आधी शाळेचा एक दिवस बघू.

शाळेची किल्ली शेजारच्या घरात खुंटीला असते. शिपाई नाही, प्राथमिक शाळेला तो नसतोच. पहिला जो पोरगा येतो तो किल्ली मागून कुलूप काढतो. म्हणजे घरातली म्हातारी त्याला आधी ‘तोंड धुतलंस का’ विचारते आणि मग किल्ली देते. मुली-मुलगे मिळून व्हरांडा झाडतात. यात मुलींनीच झाडायचं अशी वहिवाट पूर्वी होती, ती एका बाईंनी बारा-पंधरा वर्षांपूर्वी मोडली. त्या बाई बदलून गेल्या, नियम राहिला. आता झाडणाऱ्या पोरांना तो नियम कोणी केला हेही ठाऊक नाही. मग परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, पाढे, बातम्या. बातम्या पोरं स्वतःच्या आणतात. ‘आमच्या म्हशीला पारडी झाली’ ही बातमी दिल्लीच्या बातमीआधी वाचली जाते, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

एका खोलीत दोन इयत्ता, दुसऱ्या खोलीत दोन. गुरुजी फळ्याजवळ तिसरीला वजाबाकी देत असताना पहिलीला कोणीतरी धरायचं असतं. ते काम तिसरीतली एक पोरगी करते. एकदा मी दारात उभा राहून ऐकत होतो. समोरचा पोरगा ‘घ’ आणि ‘ध’मध्ये गडबडत होता. ती म्हणाली, “हे बघ, घ घराचा. घराला पूर्ण छप्पर असतंय. ध चं छप्पर अर्धंच हाय.” बालभारतीच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नाही. शिक्षणशास्त्रात याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि बहुतेक वेळा नाइलाज म्हणून त्याचा उल्लेख होतो. पण शिकवता शिकवता तिचंच अक्षरज्ञान किती पक्कं होत होतं! आणि आठ वर्षांच्या पोरीला ‘हा माझ्या भरवशावर आहे’ हे जे कळत होतं, त्याला भिंतीवरचा कुठला शब्द लावायचा?

ही झाली गोड बाजू. एवढंच सांगून मी थांबलो तर तो वाडीच्या शाळेवरचा नेहमीचा गहिवर होईल. आता खिचडीची गोष्ट सांगतो.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ असतो. आमच्याकडे म्हणजे एक किलो सातशे. पंचवीस मुलांपर्यंत स्वयंपाकाला एक मदतनीस. तिला महिन्याला २,५०० रुपये मानधन, तेही वर्षातले दहाच महिने. एवढ्या पैशांत धुणं, निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी. आमच्या समितीने नेमलेल्या मावशी वाडीच्या ज्या टोकाला राहतात त्या टोकाकडे वाडीतल्या काही घरांनी अजून पाणी प्यायलेलं नाही. नेमणुकीच्या वेळी कोणी काही बोललं नाही. बोलायचं कसं, कायदा सगळ्यांना कळतो. पण पंधरा दिवसांनी एक डबा यायला लागला. ‘पोराला खिचडी सोसत नाही,’ आजोबांनी सांगितलं. मग दुसरा डबा. मग एका पोरीलाही खिचडी सोसेनाशी झाली. आठवड्याभरात सहा डबे. सतरातल्या सहा पोरांची पोटं एकदम बिघडली, आणि सगळी एकाच बाजूच्या आळीतली.

गुरुजी हुशार निघाले. त्यांनी भाषण केलं नाही, तक्रारही केली नाही. पोषण आहाराच्या नियमात एक चव रजिस्टर असतं: मुलांना वाढण्याआधी शिजलेलं अन्न मोठ्या माणसाने चाखायचं आणि सही करायची. बहुतेक शाळांत त्यावर गुरुजीच महिन्याच्या सह्या एका बैठकीत ठोकतात. आमच्या गुरुजींनी समितीच्या बैठकीत ठेवलं की यापुढे रोज एका पालकाने येऊन चव घ्यायची, पाळी लावू या. घरांच्या क्रमाने पाळी लागली. आणि वाडीच्या कुठल्या टोकापासून क्रम सुरू करायचा, ते गुरुजींनी स्वतःकडे ठेवलं.

पहिल्या दिवशी त्या आजोबांच्या घराची पाळी. आजोबा आले नाहीत, सून आली. पदर सावरत चुलीजवळ उभी राहिली. मावशींनी वाटीत खिचडी दिली. मी तिथेच होतो. तिने घास घेतला, क्षणभर मावशींकडे पाहिलं, आणि रजिस्टरात लिहिलं: ‘मीठ कमी आहे.’ खाली सही.

ते वाक्य मी पुढे कितीतरी वेळा काढून वाचलंय. दिनांक, पदार्थ, चव, शेरा, सही असे रकाने. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या पेनाने ‘मीठ कमी आहे’. आपल्या सासऱ्याने जे झाकून ठेवलं होतं ते त्या बाईने अशा रीतीने बाजूला सारलं की कोणाला दुखावल्यासारखंही झालं नाही. खिचडीत खोट असेल तर ती मिठाची आहे, एवढंच तिने कागदावर आणलं. मावशींनी दुसऱ्या दिवशी मीठ वाढवलं.

डबे लगेच थांबले असं नाही. तीन आठवड्यांत चार थांबले, पाचवा दिवाळीनंतर. सहावा शेवटपर्यंत येत राहिला. तो पोरगा चौथी पास होऊन गेला तरी शाळेची खिचडी त्याने खाल्ली नाही. पंगतीत मात्र तो इतरांबरोबरच बसायचा, डबा उघडून. शेजारचा त्याच्या डब्यातलं लोणचं उचलायचा. त्याला कोणी अडवलं नाही.

वाडीतल्या शाळेची बाजू घेणारे लोक सहसा म्हणतात, ‘ही गावाची शाळा आहे, गावाचं प्रेम आहे, आपुलकी आहे’. मला हे अर्धंच पटतं. गाव हे काही प्रेमाचं आगर नाही. गावाची जात असते, भावकी असते, बांधावरची भांडणं असतात, आणि ती सगळी पोरांबरोबर दप्तरातून शाळेत येतात. इतिहास बघितला तरी आपल्याकडच्या चांगल्या शाळा पुष्कळदा गावाला विचारून निघालेल्या नाहीत. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मागणीवरून नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं. आपणहून सगळे पोरं धाडणार नाहीत हे ते जाणून होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळातला रुपया! आणि १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. लोकांचं मन तयार होईपर्यंत थांबले असते तर आजही थांबलेलेच असते.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. वाडीतली शाळा वाडीच्या चांगुलपणावर उभी नाही. वाडीला तिच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा जरा बरं वागायला भाग पाडणारी ती जागा आहे, आणि अशी दुसरी जागा वाडीत उरलेली नाही. देवळात मान कोणाचा हे ठरलेलं आहे. शेतीकर्जाच्या सोसायटीत मत कोणाचं हे ठरलेलं आहे. ग्रामसभेत बायका मागे बसतात. शाळा व्यवस्थापन समितीत मात्र शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या बायकांना दिल्यात. आमच्या अध्यक्षबाई ग्रामसभेत कधी तोंड उघडत नाहीत. शाळेच्या बैठकीत त्या सरपंचाला विचारतात, ‘संडासाच्या दाराचं काय झालं?’ सरपंच उत्तर देतो. ही सवय तिला दुसरीकडे कुठे लागली असती?

पण ही जबरदस्ती चालते कशी? शाळा जवळ आहे म्हणून, आणि लहान आहे म्हणून. कोणाचा डबा कधी सुरू झाला हे गुरुजींना त्याच दिवशी कळलं, कारण सतराच ताटं होती. सून चव घ्यायला येऊ शकली, कारण शाळा तिच्या घरापासून पाच मिनिटांवर होती. समूह शाळेत हा प्रश्नच येणार नाही, असं कोणी म्हणेल. दूरच्या स्वयंपाकघरात शिजवलेलं डब्यांतून येईल, कोणी शिजवलं हे कोणाला कळायचंही नाही. खरंय, प्रश्न येणार नाही. सुटणारही नाही. पोरगा संध्याकाळी बसमधून उतरून त्याच आळीत जाईल, जिथून त्या टोकाला अजून कोणी पाणी पीत नाही.

समूह शाळेच्या बाजूने जे बोलतात ते सगळे काही वाईट हेतूने बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं मी नीट ऐकलंय, आणि त्यातलं बरंच खरं आहे. वर्गात तीनच मुलं असतील तर चर्चा कसली, स्पर्धा कसली, कबड्डी कोणाबरोबर खेळायची? एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळायच्या म्हटल्यावर कोणाचं तरी राहणारच. राहिलेलं मी पाहिलंय. आमच्या चौथीतला एक पोरगा भागाकार न येताच पाचवीला गेला. त्या वर्षी एका गुरुजींची बदली झाली, बदलीत कोणी आलं नाही, आणि उरलेले गुरुजी मतदारयाद्यांच्या कामात. त्यांच्याकडे बीएलओची, म्हणजे मतदान केंद्राच्या याद्या सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, जबाबदारी होती. फॉर्म घेऊन ते घरोघर हिंडत होते आणि पोरं व्हरांड्यात लगोरी खेळत होती. मी समितीवर होतो, मलाही काही करता आलं नाही. एक अर्ज दिला, त्याची पोच मिळाली.

पण या उणिवा पटाच्या आहेत की शिक्षकाच्या? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. मुलं सतरा असोत की सात, दोन म्हणजे दोन. तिथे एकच ठेवायचा, त्यालाही याद्यांना आणि सर्वेक्षणांना जुंपायचं, आणि मग म्हणायचं की बघा, लहान शाळेत शिक्षण होत नाही. म्हशीचा चारा तोडायचा आणि ती आटली म्हणून बाजारात न्यायची, त्यातला हा प्रकार. २०२४ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एक जागा १५,००० रुपये मानधनावरच्या कंत्राटी माणसाने भरण्याचा निर्णय निघाला. निर्णयाची तारीख ५ सप्टेंबर, म्हणजे शिक्षक दिन. हा योगायोग असेल तर ज्याने सही केली त्याच्या घरी कॅलेंडर नसावं. शिक्षक रस्त्यावर आले, नियम बदलले, पुढे तो निर्णयही गुंडाळला गेला. पण त्यातून सरकारचा कल काय तो कळलाच.

आणि अंतर. कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत धरली आहे. समूह शाळा म्हटलं की ही अट बसच्या भरवशावर सोडायची. सह्याद्रीच्या कुशीत ज्यांनी पावसाळा काढलाय त्यांना बस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आमच्या आणि शेजारच्या मोठ्या गावाच्या मध्ये एक ओढा आहे, त्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल, आहे, आणि जुलैत ती फरशी किती दिवस पाण्याखाली असते याची नोंद यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीकोशाच्या, कुठल्याच रकान्यात नाही. सहा वर्षांच्या पोराला सकाळी घेऊन जाणारी गाडी बंद पडली की त्याचा दिवस गेला. चार दिवस सलग गेले की आई म्हणते, ‘पोरगीला धाकट्याला सांभाळायला घरी राहू दे.’ मुलींचं शिक्षण असं सुटतं. कोणी ठरवून सोडवत नाही.

शिवाय नुसतं पोरांच्या जाण्या-येण्याचंच बघून भागत नाही. पालकांचं काय? मजुरीला जाणारी बाई पाच मिनिटांवरच्या शाळेत दुपारी डोकावून येते. नऊ किलोमीटरवरच्या शाळेच्या बैठकीला जायचं तर तिचा तीनशे-साडेतीनशेचा रोज बुडतो. ती एकदा जाईल, दुसऱ्यांदा जाणार नाही. मग समितीत कोण उरतं? ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे ते.

गावच्या हातातली गोष्ट वर नेली की काय होतं, याचा एक ताजा धडा आपण नुकताच गिरवला आहे. गणवेशाचा. पूर्वी गणवेशाचे पैसे समितीच्या खात्यावर यायचे, एका गणवेशाला ३०० रुपये. आमचा शिंपी बाजारच्या गावाहून यायचा, व्हरांड्यात पोरांना उभं करून मापं घ्यायचा. ‘याची चड्डी जरा वाढती ठेव’ असं पोराची आई तिथल्या तिथे सांगायची. कापड फार उंची नव्हतं, पण बेतलेलं होतं. मग २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आलं. कापड एका ठिकाणी कापलं गेलं, शिलाई बचत गटांकडे, वाटप वरून. पंधरा ऑगस्ट आला तरी कितीतरी शाळांतली मुलं जुन्याच कपड्यांत झेंड्यापुढे उभी होती, आणि जिथे गणवेश आले तिथे कोणाचा शर्ट गुडघ्यापर्यंत तर कोणाची बटणं लागेनात. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारने अधिकार पुन्हा समित्यांना दिला. चूक दुरुस्त केली, चांगलं केलं. पण सहा वर्षांच्या पोराचं माप राजधानीतून घेता येत नाही हे कळायला एक अख्खं शैक्षणिक वर्ष खर्ची पडलं. शाळेचंही तसंच होणार असेल तर त्याची दुरुस्ती डिसेंबरात होत नाही. मोडलेली शाळा परत उभी राहिल्याचं मी अजून पाहिलं नाही. वर्गखोल्यांत कडबा भरतात.

आता आमचीही जरा झाडाझडती घ्यायला हवी. पट सतरा का आहे? वाडीत पहिली ते चौथीच्या वयाची पोरं एकतीस आहेत, मी मोजलीत. चौदा पोरं सकाळी आठला पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. शाळा बंद होऊ देणार नाही म्हणून मोर्चा काढणाऱ्यांत पुढे कोण होतं? त्या चौदांचे बाप. आणि दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायला नको, माझा धाकटा मुलगा त्या गाडीत होता. मी समितीवर आलो तो थोरल्यामुळे. धाकट्याच्या वेळी घरात वाद झाला आणि मी हरलो. खरं सांगायचं तर फार जोर लावलाच नाही. त्याचा टाय बघून मलाही बरं वाटायचं. दुसरीत असताना त्याने मला विचारलं, “पप्पा, त्या झेडपीच्या पोरांना इंग्लिश येत नाही ना?” ती पोरं म्हणजे त्याची सख्खी चुलत भावंडं. ‘त्या’ हा शब्द तो गाडीत शिकला. वर्षाला तेवीस हजार फी भरून मी त्याला तो शब्द शिकवला होता.

पाचवीला त्याला परत मराठी माध्यमात आणलं. त्यात माझा मोठेपणा काही नाही, फी झेपेना.

म्हणून सरकारला जाब विचारताना आवाज थोडा खाली येतो. पट आम्हीच कमी केला आणि आता पटावरून शाळा जाते म्हणून आम्हीच ओरडतो. पण आमच्या या दुटप्पीपणाची शिक्षा त्या सतरा जणांना का? गाडी ज्यांना परवडत नाही त्यांचीच पोरं तिथे उरलीत: शेतमजुरांची, मेंढपाळांची, एकट्या बाईची. वाडीतल्या थोड्या बऱ्या घरांनी काढता पाय घेतला म्हणून उरलेल्यांचं दार लावायचं, हा कुठला न्याय?

समूह ही कल्पनाच वाईट असं माझं म्हणणं नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळा संकुलाची कल्पना मांडली होती, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शाळा संकुल आहे. त्यातलं मूळ सूत्र असं, की शाळा आपापल्या जागी राहतील, आणि जे एकेकटीला परवडत नाही ते सगळ्या मिळून वापरतील. आपल्याकडे तर त्यासाठी नवी रचनाही उभारायला नको. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याची केंद्रशाळा आहे, केंद्रप्रमुख हे पद आहे, पुष्कळ ठिकाणी ते रिकामं आहे एवढंच. चित्रकलेचा, संगीताचा, खेळाचा शिक्षक केंद्राला एक द्या आणि तो पाच वाड्यांत फिरू दे. माणूस मोटारसायकलवर फिरतो, विज्ञानाची पेटी जीपमध्ये बसते. सहा वर्षांच्या पोरानेच रोज का फिरायचं? शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी पाचही वाड्यांची पोरं एका मैदानावर आणा. आमच्या केंद्रात एका वर्षी एका गटाने हे करून पाहिलं. आमच्या सतरा पोरांची कबड्डीची टीम पहिल्यांदा पूर्ण झाली ती शेजारच्या वाडीतली तीन उसनी घेऊन. हरली. पण परतीच्या वाटेवर उसन्या तिघांना ‘आमचे’ म्हणत होती.

आणि कुठल्या शाळेचा पट खरोखरच दोन-तीनवर आला, पोरंच उरली नाहीत, तर? तर ती शाळा चालवा असं मी म्हणणार नाही. धरणामुळे उठलेली, सगळीच्या सगळी मुंबईला गेलेली गावं आहेत. तिथे हट्ट कशाचा करायचा? पण ते ठरवू दे ग्रामसभेला, ज्या आईचं मूल पटावर आहे तिला समोर बसवून, तिला प्रश्न विचारू देऊन. आज ठरतं ते संगणकावरच्या एका गाळणीने: वीसपेक्षा कमी, करा वेगळ्या. त्या गाळणीला ओढा दिसत नाही आणि चव रजिस्टरही दिसत नाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा काही वर्षांपूर्वी बंद पडायच्या बेतात होती, पट बोटांवर मोजण्याइतका. २०२५ मध्ये जगभरातल्या शाळांच्या एका स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार तिला मिळाला. सगळ्या शाळा जालिंदरनगर होणार नाहीत, आणि व्हायलाच हव्यात असंही नाही. आमच्या शाळेला कुठलाही पुरस्कार मिळण्यासारखा नाही. पण गाळणी त्या वर्षी जरा कडक असती तर जालिंदरनगरही यादीत गेलं असतं, हे कोणी नाकारू शकेल का?

गेल्या जूनमध्ये गुरुजींचा फोन आला. मी आता समितीवर नाही, तरी त्यांना सवय आहे. वीटभट्टीवरून एक कातकरी कुटुंब परत आलंय, ओढ्याच्या पलीकडे पाल टाकलंय, पोरगा सात वर्षांचा दिसतो, नाव कुठेच नाही, येता का बघायला. गेलो. पोरगा बापाच्या मागे उभा. बापाने विचारलं, कागद काय लागतील? गुरुजी म्हणाले, आत्ता काही लागत नाहीत, वयाप्रमाणे बसवू, बाकीचं मी बघतो. पोराने काहीच विचारलं नाही. आईने विचारलं, “जेवान असतंय ना?”

दुसऱ्या दिवशी तो आला, अंगात मोठ्या माणसाचा शर्ट. पंगतीत नवीन पोराला कुठे बसवायचं यावर जरा कुजबुज झाली. मग तिसरीतली ती घ-ध वाली, आता चौथीत गेलेली, सरकून बसली आणि तिने शेजारची फरशी हाताने पुसली. मावशींनी त्या दिवशी आधीच सतराचा तांदूळ मोजून चढवला होता. गुरुजींनी हजेरीत नाव घातल्याचं कळल्यावर त्यांनी झाकण काढलं, एक तांब्या पाणी आणि ओंजळभर तांदूळ वाढवला, आणि पाळीवर आलेल्या बाईला म्हणाल्या, “आज चव जरा उशिरा बघा. अठरा झालेत.”